राखणदाराची बाटली

— हळू कशाला विचारतेस गो? मोठ्यानं विचार. दारू सोडणाऱ्यांची बैठक ना? हीच. हाच जिना. बोर्ड नाही, बोर्ड लावत नाहीत ते — गुप्त असते म्हणे. गुप्त! त्या पानवाल्याला विचार, कोपऱ्यावरच्या नारळवालीला विचार, समोर सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला बसलाय त्याला विचार — सगळे बोट दाखवतील, "बेबद्यांची मीटिंग? ती वर, बालवाडीत." बेबदो म्हणजे पिऊन पडणारा — तू इथलीच ना, मग तुला काय सांगायचं! अख्ख्या डिचोलीला ठाऊक आहे, आणि हे वर बसून एकमेकांना बजावतात, इथलं बोलणं इथंच राहू दे. राहतंय तर! ही वरची जनेल, ही खिडकी बघ, बरोब्बर माझ्या डोक्यावर उघडते. शब्दन् शब्द खाली येतो. बस जरा. सुरू झाली मघाशीच, पण उशिरा गेलेलं चालतं त्यांना. उशिरा येणं, न येणं, येऊन मधूनच पळून जाणं, सगळं चालतं. बस या बांकावर, मी पिशवी सरकवते — हां, जपून, लाथ नको मारू, काच आहे आत.

नवऱ्यासाठी ना? मग काय, कळतं मला. तुझ्यासारख्या येतात — आधी बायको एकटी येऊन जिना बघून जाते, मग घरी जाऊन म्हणते गणपतीची चवथ होऊ दे, मग म्हणते दिवाळी होऊ दे, मग शिमगा होऊ दे. तोवर तो अर्धा संपलेला असतो. नको, सांगू नकोस, मला काय करायचंय तुझ्या घरचं? तू आपली शिकलेली दिसतेस, ऑफिसात असशील, पर्स बघ कशी. हेल्मेट दे इकडे, ठेवते. आणि हे काय, पेपरमिंट? मला नको गो. मला त्या वासाचाच राग आहे. आमचा माणूस खिशात तेच घेऊन फिरायचा — तोंडात दोन, खिशात चार. दारातून आत येताना असा वास यायचा की शेजारच्यांना वाटावं, दात घासून आला. मला नाक नाही? मी काय लाकडाची आहे? पेपरमिंट म्हणजे प्यायलाय, जास्त पेपरमिंट म्हणजे जास्त प्यायलाय — एवढं सोपं गणित, आणि त्याला वाटायचं बायकोला फसवलं. खा तू, खा. तुझा उन्हानं घसा सुकला असेल.

मी कशी शोधली ही बैठक, ऐक. आम्ही चोपड्याचे — पेडण्यातलं चोपडे, शापोरा नदीच्या काठचं. तिथल्या दवाखान्याच्या भिंतीवर, लहान मुलांच्या डोसांच्या कागदाखाली एक चिठोरं चिकटवलेलं — "दारूचा त्रास आहे? फोन करा." केला फोन. एक बाप्या बोलला, आवाज असा गोड की मला वाटलं आता विमा विकतो. म्हणाला, पेडण्याला पण बैठक आहे बाई, तुम्हाला जवळ पडेल. पण नाही! आमच्या माणसाला पेडणे नको. तिथे ओळखीचे भेटतात! म्हणून डिचोली. आगे सायबा, ज्या डिचोलीत ह्यानं आयुष्यभर खाणीचा ट्रक चालवला, जिथला एकेक बारवाला ह्याला नावानं हाक मारतो, तिथे हा लपायला आला! आणि पुढची गंमत ऐक. पेडण्याच्या बैठकीला जातात कोण? डिचोलीचे! रविवारी दुपारी म्हापशाच्या स्टँडवर जा आणि बघ — आमच्या बसमधून पेडण्याचे उतरतात, डिचोलीच्या बसमधून डिचोलीचे उतरतात, ते ह्यांच्या बसमध्ये चढतात, हे त्यांच्या. मान पण हलवत नाहीत एकमेकांकडे बघून. एवढी अदलाबदल करण्यापेक्षा आपापल्या गावात तोंड वर करून बसा ना! पण नाही. पिताना लाज नव्हती, सोडताना लाज.

आणि पहिल्या रविवारी काय झालं — आता हसू येतं, तेव्हा मी कपाळ बडवून घेतलं होतं. बोर्ड नाही ना! मी ह्याला वर सोडलं, पण चुकीच्या जिन्यानं, त्या पलीकडच्या इमारतीत. तिथे दूध सोसायटीची सभा चाललेली. हा जाऊन बसला मागच्या रांगेत. तासभर बसला. कोणी विचारलं नाही, ह्यानं विचारलं नाही. हात वर करा म्हटल्यावर ह्यानं हात वर केला, ठराव पास केला, चहा प्याला, बिस्किट खाल्लं, आणि खाली येऊन मला म्हणतो, "बरं वाटलं." बरं वाटलं! "कोणी काय बोललं?" विचारलं, तर म्हणतो, "फॅटचा दर वाढवायचा म्हणतात." घरी एक म्हैस नाही! पण एक सांगू — त्या दिवशी पण प्याला नाही तो. जाऊ दे, ते वेगळं.

मग बरोबर जिना सापडला. मी काय समजले होते, डॉक्टर असेल, गोळ्या असतील, इंजेक्शन असेल. काही नाही! बालवाडी आहे वर. भिंतीवर अननस, बदक, आगगाडी. खुर्च्या त्या मुलांच्या, एवढ्या-एवढ्याशा, लाल-पिवळ्या. आणि त्यांच्यावर हे बसलेले — ट्रकवाले, लाइनमन, एक तर पोलीस — गुडघे कानापर्यंत आलेले. एकेक उठतो आणि सांगतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच. आणि हा उभा राहतो, बदकाच्या चित्राखाली, आणि स्वतःच म्हणतो, "माझं नाव जयराम, आणि मी बेबदो." आडनाव गेलं कुठे? घराण्याचं नाव गेलं कुठे? आणि त्यावर बाकीचे काय करतात ठाऊक आहे? टाळ्या वाजवतात. टाळ्या! आज प्यायलो नाही — टाळ्या. काल पण नाही — टाळ्या. मला सांग गो, मी जन्मात प्याले नाही, माझी सासू प्याली नाही, आम्ही कधी टाळी ऐकली? अर्ध्या वाटेवरून माणूस उचलून आणलाय, त्याची ओकारी धुतलीय, सकाळी तोच म्हणतो चहा का थंड — कुणी वाजवली टाळी? करून करून भागले नि देवपूजेला लागले, त्यांच्यासाठी टाळ्या.

आणि दुःखं सांगतात तरी काय! खाणी बंद पडल्या म्हणून प्यायलो. खोटं, धडधडीत खोटं. मी होते ना साक्षीला. खाणी चालू होत्या तेव्हा खेपा चांगल्या झाल्या म्हणून प्यायचे, बंद पडल्या तेव्हा खेपा नाहीत म्हणून. पाऊस आला म्हणून, गेला म्हणून. पोरगी झाली म्हणून, पोरगी सासरी गेली म्हणून. दारूला कारण लागत नाही, कारणाला दारू लागते. आधी मी ह्याला "हे" म्हणायचे हां — "हे आले, हे जेवले नाहीत" — मला काय रीत कळत नाही? पण गेल्या वर्षीच्या शिमग्याला, ढोल-ताशे वाजतायत, सगळा गाव रस्त्यावर, माझ्या माहेरची माणसं खास बघायला आलेली, आणि हा गटारात. बसलेला नव्हे, आडवा. नवा शर्ट, मी घेतलेला. एक पोर त्याच्या अंगावर गुलाल टाकून गेलं. मी आणि माझा भाऊ सगुण, आम्ही दोघांनी काढला त्याला. त्या दिवसापासून "तो". गटारातून ओढून काढलेल्या माणसाला "हे" कसं म्हणणार? जीभ वळत नाही.

तू सरकतेस कुठे? आधी इथे होतीस, आता पार टोकाला गेलीस. मी काय चावते? पिशवी अंगाला लागते म्हणून? बरं, घेते मी इकडे, माझ्या पायाशी. मोठ्या घरच्या दिसता तुम्ही. आमच्या पिशवीत घाण नाही हो, देवाचं आहे सगळं. रोट आहे, विड्यांचं बंडल आहे, केळी आहेत, आणि बाटली. फेणी. अशी बघू नकोस — सांगितलं ना, देवाची आहे. राखणदाराची. आमच्या गावाची राखण करतो तो, व्हाळाकडे, त्या ओढ्याच्या काठी, वडाखाली बसतो, रात्री हातात काठी घेऊन शीव फिरतो. तुम्ही ऑफिसवाल्या मानत नसाल. मानू नका. रात्री व्हाळ ओलांडून बघा एकदा.

तर शिमग्यानंतर मी त्याच्याकडे गेले. भिकाजी घाडी आहे आमचा, गाऱ्हाणं घालणारा, त्याला म्हटलं घाल. तो उभा राहिला — "हे देवा म्हाराजा, ही तुझी सून तुझ्या पायांकडे आली" — आणि आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" मग तो वळून मला विचारतो, काय देशील? आता राखणदाराला काय देतात? पेढे? बापजाद्यांपासून ठरलेलं आहे — रोट, विडी, बाटली. मी म्हटलं, देवा, ह्याची सोडव, वर्षभर ह्याच्या तोंडाला लागली नाही तर सगुणच्या भट्टीवरची पहिल्या धारेची बाटली तुला ह्याच्याच हातून ओतवीन. भिकाजीनं ते जोरानं म्हटलं, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले, संपलं. शब्द गेला. आणि वर्ष झालं बघ. आज. आज दिवेलागणीला तिथे पोचायचंय, भिकाजी वाट बघतोय, सासू दुपारपासून उपाशी आहे. म्हणून मघाशी सगुण स्कूटरवरून बाटली इथेच देऊन गेला. माहेर माझं इथलंच, डिचोलीकडचं. काजूचे दिवस, भट्टी पेटलेली, त्याला काय वेळ असतो? तरी आला बिचारा. ह्या वरच्या शहाण्यांना विचार, कुणाचा मेहुणा एवढं करतो.

हसलीस? मला वाटलं हसलीस. हस, सगळे हसतात. दारू सुटू दे म्हणून दारूचाच नवस! तो वरचा गोकुळदास — मास्तर होता, आता ह्या लोकांचा म्होरक्या झालाय, स्वतः पिऊन पिऊन नोकरी घालवून बसलेला — तो जिना उतरून आला गेल्या रविवारी, खास माझ्यासाठी. "सुमंगलाबाई, नवस बदला. नारळ द्या, वस्त्र द्या. ह्याच्या हातात बाटली देऊ नका." मी म्हटलं, तू काय देवाचा सेक्रेटरी? तुला सांगितलं, देवाला कळवलं, झालं? अरे, ज्याचा जो नैवेद्य! पंचायतीत ठराव बदलतात, राखणदाराकडे बदलत नाहीत. आमच्या वाड्यावर गोपाळनं बदलला होता — कोंबडा कबूल केला आणि अंडी देऊन आला. काय झालं? सहा महिन्यांत हात मोडला. तो म्हणतो माडावरून पडलो. पडला, पण पाडला कुणी?

आणि करायचंय काय एवढं मोठं? बूच काढायचं, अर्धी बाटली वडाच्या मुळावर ओतायची, अर्धी जमलेल्यांना तीर्थ म्हणून. ओतणाऱ्यानं आधी बोट बुडवून जिभेला लावायचं, रीत आहे ती, नाहीतर देव घेत नाही. बोटभर! बोटभरानं काय होतं? तो मास्तर म्हणतो, "बाई, आम्हाला बोटभर म्हणजे बाटलीभर." नाटकं! मग म्हणतो, "बोट राहू दे, नुसती जवळ ठेवणंही कठीण असतं." ऐकलंस? नुसती जवळ! बूच बसवलेली, मेण लावलेली, वर फडकं, त्यावर पेपर — आणि ह्यांना त्रास होतो! माणूस आहे की मांजर? मी तरी काय समजायचं? वर्षभर प्यायला नाही, म्हणजे सुटली. सुटली तर सुटली, मग बाटलीला भ्यायचं कशाला? आणि भीत असेल तर सुटली नाही. दोन्हीतलं एक काहीतरी बोला ना!

हल्ली तर ह्याची सोंगं वाढलीत. मागच्या आठवड्यात सगुणकडे गेलो बाटलीचं सांगायला. काजूची भट्टी घराला लागूनच, मांडवात भांडी उकळतायत, पोरंबाळं तिथेच खेळतायत. हा आलाच नाही आत! रस्त्यावर उभा. एवढं ऊन, डोक्यावर टोपी नाही, रस्त्याच्या त्या बाजूला, आमच्याकडे पाठ करून. वहिनीनं सरबत पाठवलं, ग्लास घेतला आणि हातातच धरून राहिला. सगुणला किती वाईट वाटलं — "भावजी आमच्या दारात येत नाहीत!" मी रस्त्यावर जाऊन चार शब्द सुनावले. म्हटलं, वास काय माणसाला खातो? शर्ट भिजून पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, ऐट बघा महाराजांची. आणि आता मघाशी, सगुणनं ही बाटली माझ्या हातात दिली, तेव्हा हा वर जनेलीशी बसला होता. नेहमी तिथेच बसतो, म्हणजे मी खाली आहे हे दिसतं. त्यानं बघितलं. बघितलं आणि ती एवढीशी लाल खुर्ची उचलून आत नेली. आता दिसत पण नाही. रागावलाय. रागाव! माझ्यावर रागावणं सोपं आहे.

आज मात्र एकदा बोलला. बसला निघताना शर्टाची बटणं लावत होता, म्हणाला, "बाटली तू ओत. तुझ्या हातून दे." बस्स, एवढंच. मी म्हटलं, नवस तुझ्यासाठी, हात पण तुझाच. बटणं वर-खाली लावलेली, तशीच घेऊन बसमध्ये बसला. मीच म्हापशाला उतरल्यावर नीट करून दिली, चारचौघांत. लाज त्याला नाही, मला आहे.

मी का बसते खाली दर रविवारी? काय करू, घरी बसू? जिना एकच आहे, त्यानं उतरायचं म्हणजे माझ्यासमोरून. कोपऱ्यावर बार आहे, तिथे पोचायला मला ओलांडून जावं लागेल. विश्वास? विश्वास कसला गो. विश्वास असता तर मी आज घरात पाय पसरून टीव्ही बघितला असता. एक दिवस हा सुटला हातातून, की माझं वर्ष गेलं. त्याचं नव्हे हां, माझं. एक वर्ष झालं, संध्याकाळी फाटक वाजलं की मी घाबरत नाही. रात्री तो जेवतो, ताट स्वतः उचलतो, मग पडवीत रेडिओ लावतो. तेवढंच. मला दुसरं काही नको. पण राखणदाराचा शब्द मोडला आणि उद्या काही झालं तर? म्हणजे ओतायलाच हवी. ओतायलाच हवी ना?

घामाघूम झालीस की. वारा नाही आज. पाणी पितेस? — तू जा खरं तर वर, ऐकून ये तुझ्या नवऱ्यासाठी. सगळे बाप्ये आहेत पण घाबरू नकोस, कोणी काही म्हणत नाही. बाई एक पण नाही वर. असणार कशी? बाई पिते काय? मास्तर म्हणतो, बायकांना पण असतो हा आजार, त्या येत नाहीत एवढंच. आजार म्हणे! मी त्याला तोंडावर सांगितलं — बाप्या प्याला तर त्याला बैठक, बाई प्याली तर तिला कसली बैठक? तिला दारात उभी करू नये. आई असून, सून असून, बाटली लावते तोंडाला — शी! — तिच्यापेक्षा आमचा गटारातला बरा. अगो? उठलीस? काय झालं? हेल्मेट इथे राहिलं तुझं. थांब. थांब गो, घे हे — एवढी घाई कसली?

इकडे बघ. माझ्याकडे बघ, पिशवीकडे नव्हे. मघापासून पिशवीकडेच बघतेस तू. मला वाटलं केळी बघतेस, भूक लागली असेल. सरकलीस ती — एकदा सरकलीस, दोनदा सरकलीस — मी म्हटलं, मोठ्या घरची. आणि ते पेपरमिंट. सायबा! मी नाक म्हणून मिरवते आणि — सकाळी घेतलीस? बोलू नकोस, मान पण हलवू नकोस, कळलं. नवरा नाही. नवऱ्यासाठी नाही आलीस तू.

बस खाली. पडशील. तिकडे टोकाला बस, मी पिशवी घेऊन इकडे उभी राहते. आणखी लांब? बरं. आणखी लांब. इथे? अजून येतोय वास? मला येत नाही गो. मेण लावलंय, फडकं बांधलंय, वर पेपर — माझ्या पायाशी अख्खा वेळ आहे, मला नाही आला. तुला तिकडे येतोय.

म्हणजे तो तिथे उन्हात. पाठ करून. ग्लास हातात. घाम — तसाच घाम, तुझ्यासारखा, इथे, ओठाच्या वर. आणि मी म्हटलं ऐट. मी चार शब्द सुनावले त्याला, रस्त्यावर, सगुणची पोरं बघत असताना. आणि खुर्ची उचलून नेली ती — राग नव्हता तो, माझे बाये, राग नव्हता. आणि आज दिवेलागणीला ही बाटली मी त्याच्या हातात देणार होते. स्वतःच्या हातानं बूच काढ म्हणणार होते. जिभेला लाव म्हणणार होते. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि त्यानं बोट बुडवायचं. तो नाही म्हणाला नसता हां. मला ओळखतो तो. बुडवलं असतं.

राखणदारा, तुला काय सांगायचं ते मी संध्याकाळी येऊन सांगते. रोट आणते, विडी आणते, नारळ आणते. तुझी बाटली डिचोलीच्या गटारात गेली म्हणून सांगते. शब्द माझा होता, तोंड माझं होतं, राग आला तर माझ्या अंगावर ये. हात मोडायचा तर हा घे, उजवा घे. ह्यांच्या वाटेला जाऊ नकोस. शीव राखतोस ना? मग ह्यांना पण राख.

तू काय ऐकत उभी राहिलीस? मी मघाशी बोलले ते बोलले, परत घेत नाही, मला परत घेता येत नाही, माझं तोंडच तसं आहे. तुला वाईट वाटलं असेल तर वर जाऊन सांग त्यांना, त्यासाठीच बसलेत ते. पहिलं नाव सांग फक्त, आडनाव विचारत नाहीत. खुर्च्या लहान आहेत, सांभाळून बस. चढ. कठडा धर, तिसरी पायरी हलते. कोणी टाळी वाजवली तर वाजवू दे, मेल्यांना दुसरं येतं काय?

नाही, आधी तू चढ. तू वर पोचल्याशिवाय मी बूच काढत नाही, केवढा वास सुटेल इथे. आणि आत गेलीस की जनेल लावून घ्यायला सांग — आतल्या अंगाला बसलाय ना, निळ्या शर्टातला, त्यालाच सांग, ह्यांनाच सांग. का म्हणून विचारलं तर म्हण, खाली एक बाई गटार धुतेय. एवढंच. जा आता. मागे बघू नकोस, जा म्हणते ना!